प्रयोगशाळेपासून बाजारापर्यंत: पवईचं 'साइन'

4 एप्रिल 2024 रोजी राष्ट्रपती द्रौपदी मुर्मू यांनी पवईच्या आयआयटीत एका कर्करोगोपचाराचं लोकार्पण केलं. 'नेक्सकार-19' ही भारतात विकसित झालेली पहिली कार-टी उपचारपद्धती. ती रुग्णांपर्यंत नेणारी 'इम्युनोॲक्ट' कंपनी याच संस्थेतले प्राध्यापक राहुल पुरवार यांनी काढली. अभियांत्रिकीच्या संस्थेतून असा उपचार बाहेर पडायला हुशारीच्या जोडीला व्यवस्थाही लागते. पवईत ती 2004 पासून आहे. 'सोसायटी फॉर इनोव्हेशन अँड आंत्रप्रेन्युअरशिप' हे तिचं पूर्ण नाव. सगळे तिला 'साइन' म्हणतात.

साइन हा आयआयटीचा इन्क्युबेटर. नवी कंपनी काढणाऱ्याला इथे आवारातच बसायला जागा मिळते, सुरुवातीचं भांडवल मिळतं, पेटंट आणि कंपनी कायद्यातले जाणकार भेटतात. त्या बदल्यात साइन कंपनीत छोटा हिस्सा घेतं. पण सगळ्यात मोलाची गोष्ट म्हणजे शेजार. पायलट प्लांट किंवा महागडं उपकरण नवख्या कंपनीला परवडत नाही; इथे ते हाकेच्या अंतरावर असतं आणि अडलं तर विचारायला प्राध्यापकही.

या शेजाराचा फायदा विद्यार्थ्यांनी कसा घेतला, याचं ठळक उदाहरण 'आयडियाफोर्ज'. अंकित मेहता आणि त्यांच्या आयआयटीतल्या मित्रांनी 2007 मध्ये ही कंपनी काढली. चार पंख्यांचं विमान हवेत स्थिर ठेवायचं तर प्रत्येक पंख्याचा वेग क्षणोक्षणी कमीजास्त करावा लागतो, आणि ते काम माणसाच्या हाताला जमणारं नाही. ते करणारी स्वयंचलित यंत्रणा या मुलांनी घडवली. 'थ्री इडियट्स'मध्ये उडालेलं ड्रोन त्यांचंच. 2013 च्या उत्तराखंडच्या महापुरात त्यांच्या 'नेत्र' ड्रोननी अडकलेल्या माणसांचा शोध घेतला. कंपनी शेअर बाजारात आली ती 2023 मध्ये, म्हणजे स्थापनेनंतर तब्बल सोळा वर्षांनी.

'सेडेमॅक'ची गोष्ट गुरू-शिष्यांची आहे. प्राध्यापक शशिकांत सूर्यनारायणन यांनी आपल्याच विद्यार्थ्यांसोबत ती उभारली. दुचाकीत इंजिन सुरू करायला एक मोटर आणि बॅटरी चार्ज करायला दुसरं यंत्र लागायचं. ही दोन्ही कामं एकाच यंत्राकडून करून घेणारं नियंत्रण तंत्र त्यांनी बनवलं. बटण दाबताच आवाज न करता गाडी सुरू होते, त्यामागे हे काम आहे.

पुरवार यांची वाट सगळ्यात अवघड. कार-टीमध्ये रुग्णाच्याच रक्तातल्या टी-पेशी बाहेर काढतात, त्यांत नवं जनुक घालतात, वाढवतात आणि परत शरीरात सोडतात. मग त्या कर्करोगाच्या पेशी ओळखून मारतात. पुरवार यांच्या गटाने ही ओळख पटवणारा ग्राही (रिसेप्टर) मानवी रचनेच्या जवळ आणला, दुष्परिणाम कमी व्हावेत म्हणून. टाटा स्मारक रुग्णालयासोबत चाचण्या झाल्या आणि ऑक्टोबर 2023 मध्ये औषध नियंत्रकांची मान्यता मिळाली. परदेशात ज्या उपचाराला तीन-चार कोटी रुपये पडतात, तो इथे त्याच्या साधारण दहाव्या हिश्श्यात आला. सर्वसामान्य घराला हा खर्चही मोठाच आहे, पण आता तो आवाक्याच्या चर्चेत तरी आला.

या तिन्ही कथांत समान काय? स्पर्धा, भाषणं आणि बक्षिसं कुठल्याही महाविद्यालयात होतात. आयआयटीतही 1998 पासून विद्यार्थ्यांचा 'ई-सेल' आहे आणि त्याने अनेकांना पहिली उमेद दिली. पण विज्ञानावर उभी राहणारी कंपनी वर्षभरात नफ्यात येत नाही. तिला दहा-पंधरा वर्षं टिकून राहावं लागतं, आणि सुरुवातीची ती खडतर वर्षं संस्थेच्या आश्रयाने निघतात. विद्यापीठ उद्योजकाला देऊ शकतं ती सगळ्यात मोठी गोष्ट ही सवड आहे.

महाराष्ट्राच्या 2016 च्या सार्वजनिक विद्यापीठ कायद्याने प्रत्येक विद्यापीठात नवोपक्रमासाठी स्वतंत्र मंडळाची तरतूद केली. केंद्राच्या 2019 च्या धोरणाने प्राध्यापकांना नोकरी सांभाळून कंपनी काढण्याची वाट मोकळी केली. कागदावर काही कमी नाही. आता कुलगुरूंनी आणि विभागप्रमुखांनी एवढंच करावं: संध्याकाळी कुलूप लागणाऱ्या प्रयोगशाळा धडपडणाऱ्या मुलांसाठी उघड्या ठेवाव्यात, आणि निकाल मागण्याची घाई करू नये.