चौकातले दोन सेकंद (लेखांक ४)

८ ऑक्टोबर २०२२ च्या पहाटे नाशिकमध्ये औरंगाबाद रस्त्यावरच्या हॉटेल मिरची चौकात खासगी बस आणि ट्रक यांची धडक झाली, बस पेटली आणि १२ जणांचा जीव गेला. असा अपघात झाला की मागणी होते ती उड्डाणपुलाची, नाहीतर भुयारी मार्गाची. बांधकामाने प्रश्न सुटतोच असे नाही, हे नाशिककरांना सांगायला नको; द्वारका चौकातला भुयारी पादचारी मार्ग वर्षानुवर्षे ओस पडला आणि माणसे वरूनच रस्ता ओलांडत राहिली. त्यापेक्षा कितीतरी स्वस्त दुरुस्ती सिग्नलच्या पेटीत, सेकंदांच्या हिशेबात असते आणि तिच्याकडे फारसे कोणी पाहत नाही.

ताशी ५० किलोमीटर वेगाने येणाऱ्या चालकाला पिवळा दिवा दिसून ब्रेकवर पाय जायला साधारण एक सेकंद लागतो, आणि धक्का न बसता थांबायचे तर आणखी साडेचार. थांबणे जमणार नाही इतका जो जवळ आला आहे, त्याला लाल लागण्याआधी चौकात शिरता यावे म्हणून पिवळा निदान सव्वातीन सेकंद हवा. पण शिरला म्हणजे पार झाला असे नाही. ३० मीटर रुंदीचा चौक ताशी ३० च्या वेगाने ओलांडायला साडेतीन सेकंद जातात. तेवढ्यात आडव्या रस्त्याला हिरवा मिळाला तर नियम पाळणाराही धडकेच्या वाटेवर सापडतो. म्हणून मधले दोनेक सेकंद चारही बाजूंना लाल ठेवायचा. न्यूयॉर्कजवळच्या लाँग आयलंडवर पिवळ्या-लाल दिव्यांच्या या वेळा चौकाच्या मापाने सुधारल्यावर पादचारी आणि सायकलस्वारांचे अपघात ३७ टक्क्यांनी घटल्याचे २००२ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात आढळले.

यावर पहिले उत्तर ठरलेले: आपल्याकडे सिग्नल पाळतो कोण? लाँग आयलंडचा आकडा इथे जसाच्या तसा उतरणार नाही, हे मान्य. पण उलट्या मोजणीत तीन आकडा दिसला की आपल्याकडे दुचाक्या सुटतात, आणि नेमक्या त्याच क्षणी समोरचा शेवटचा ट्रक चौकात असतो. बेशिस्त आहे म्हणूनच ही फट जास्त हवी. शिवाय लाल दिव्याची शेवटच्या पाच सेकंदांची मोजणी झाकायलाही खर्च नाही. दुसरा आक्षेप खोळंब्याचा. चार बाजूंचे प्रत्येकी दोन म्हणजे १२० सेकंदांच्या फेरीत आठ, सात टक्क्यांहून कमी. आधीच तुंबलेल्या द्वारकेसारख्या चौकात तेवढेही जाणवेल, हे नाकारण्यात अर्थ नाही. तिथे फेरीची सगळी वाटणीच नव्याने करावी लागेल.

रात्रीचा प्रश्न मात्र मला सर्वांत गंभीर वाटतो. वर्दळ ओसरली की सिग्नल नुसते पिवळे लुकलुकत ठेवायचे, ही सोय दोन्ही बाजूंच्या चालकांना ‘आपणच आधी’ असे वाटायला मोकळीक देते, आणि तीही वेग सर्वाधिक असताना. मिरची चौकातला अपघात एवढ्याने टळला असता असा दावा कोणी करू नये. पण महामार्गांना छेदणाऱ्या चौकांत रात्रभर ४०-५० सेकंदांची आखूड फेरी चालू ठेवायला काय हरकत आहे? लाल थोडाच वेळ असेल तर रिकाम्या रस्त्यावरही थांबणारे थांबतात. २०२७ च्या सिंहस्थाआधी पुलांच्या निविदा निघतील तेव्हा निघोत. ही वेळापत्रके महापालिका आणि वाहतूक पोलिसांना एकत्र बसून बदलता येतील.

(पुढील लेखांकात : झेब्रा पट्टे कुठे आखावेत)