लढाऊ पोकेमॉन कसा घडवितात?

पोकेमॉन हा जपानी खेळ आज पुष्कळ घरांतील मुलांना ठाऊक आहे. वडील मंडळींची ओळख मात्र पिवळ्या पिकाचूच्या चित्रापलीकडे सहसा जात नाही. सातोशी ताजिरी हा या खेळाचा जनक. लहानपणी किडे पकडून जमविण्याचा त्याला मोठा छंद होता, आणि त्या छंदातूनच या खेळाची कल्पना उगवली. २७ फेब्रुवारी १९९६ रोजी 'रेड' व 'ग्रीन' या नावांनी तो जपानात प्रथम विक्रीस आला. नाना तऱ्हेचे काल्पनिक प्राणी पकडावे, त्यांना वाढवावे आणि दुसऱ्याच्या प्राण्यांशी झुंजवावे, असे त्याचे स्वरूप आहे. २००९ साली या झुंजींच्या जागतिक अजिंक्यपदाच्या स्पर्धा सुरू झाल्या, आणि पोरखेळ म्हणून हिणविलेल्या या करमणुकीत किती हिशेब दडलेला आहे, हे जगाला दिसू लागले.

सर्वांत बलाढ्य प्राणी जवळ केला की विजय ठरलेलाच, असा नवख्याचा समज असतो. तो कितपत खरा आहे, हे दोन प्राण्यांच्या उदाहरणांवरून पाहता येईल. दोघेही २००६ सालच्या 'डायमंड' व 'पर्ल' या खेळांत प्रथम आले. एकाचे नाव गार्चॉम्प. हा भूमी आणि ड्रॅगन या दोन तत्त्वांचा राक्षसी प्राणी. दुसरी पचिरिसू, ही अंगात वीज खेळविणारी एक चिमुकली खार.

प्रत्येक पोकेमॉनच्या अंगी सहा गुण मोजले जातात: प्राणशक्ती, शारीरिक आघात, शारीरिक बचाव, विशेष आघात, विशेष बचाव आणि वेग. अंगाच्या बळावर होणारा प्रहार तो शारीरिक. ज्वाला, वीज, किरण यांसारखा दुरून होणारा तो बहुधा विशेष. या सहा गुणांचे मूळ अंक प्रत्येक जातीला नेमून दिलेले असतात. गार्चॉम्पचे अंक अनुक्रमे १०८, १३०, ९५, ८०, ८५ आणि १०२, बेरीज ६००. पचिरिसूचे ६०, ४५, ७०, ४५, ९० आणि ९५. बेरीज अवघी ४०५. कागदावर पाहिले तर या दोघांत तुलनाच संभवत नाही.

परंतु मूळ अंक हे केवळ भांडवल होय. त्यावर आणखी तीन गोष्टींचा संस्कार होतो. पहिली जन्मजात देणगी. एकाच जातीच्या दोन प्राण्यांतही प्रत्येक गुणात ० ते ३१ असा फरक जन्मतःच असू शकतो. दुसरी मेहनतीची कमाई. विशिष्ट प्राण्यांना हरविल्याने किंवा पौष्टिक औषधे दिल्याने विशिष्ट गुणात अंक जमत जातात. तिसरा स्वभाव. एकंदर २५ स्वभावांपैकी बहुतेक एक गुण दहा टक्क्यांनी वाढवितात आणि दुसरा तितकाच घटवितात. उरलेले पाच काहीच बदलत नाहीत.

यांपैकी मेहनतीच्या कमाईतच खेळाडूची खरी कसोटी लागते, कारण तिला मर्यादा आहे. एका प्राण्याला सर्व मिळून ५१० अंकच कमावता येतात, आणि एका गुणात २५२ हून अधिक घालता येत नाहीत. म्हणजे दोन गुण पूर्ण भरले की ५०४ संपले. उरलेल्या सहांपैकी चारांचाच उपयोग होतो आणि त्यातून तिसरा गुण जेमतेम एकाने वाढतो. ठरावीक पगारात घर चालविणाऱ्या गृहिणीला हा हिशेब समजावून सांगावा लागणार नाही. सगळीकडे थोडे थोडे वाटले तर कोठेच पुरे पडत नाही. म्हणून कशावर पाणी सोडावयाचे, हे आधी ठरवावे लागते.

गार्चॉम्पचेच पाहा. स्पर्धेत सर्व प्राणी पन्नासाव्या पायरीवर लढतात. त्या पायरीवर २५२ अंकांच्या कमाईने गुण ३२ ने वाढतो. जन्मजात देणगी उत्तम असलेल्या गार्चॉम्पने शारीरिक आघात आणि वेग हे दोन गुण पूर्ण भरले, तर आघात १८२ व वेग १५४ होतो. आता स्वभावाचा प्रश्न येतो. 'अ‍ॅडमंट' म्हणजे हट्टी स्वभाव घेतला तर आघात २०० वर जातो, वेग १५४ च राहतो. 'जॉली' म्हणजे आनंदी स्वभाव घेतला तर वेग १६९ होतो, आघात १८२ वरच थांबतो. दोन्हींत घट सोसावी लागते ती विशेष आघाताला. तो गार्चॉम्प सहसा वापरीत नाही, त्यामुळे ते नुकसान जाणवत नाही.

मग यांतील कोणता स्वभाव बरा? याचे उत्तर गार्चॉम्पकडे नसून प्रतिस्पर्ध्याकडे आहे. सॅलमेन्स हा दुसरा ड्रॅगन घ्या. त्याचा मूळ वेग १००. तो पुरता वाढविला तर १६७ होतो. ड्रॅगनाचा डाव ड्रॅगनाला दुपटीने लागतो, म्हणून या दोघांच्या झुंजीत प्रथम हात कोणाचा, यावर जीवनमरण अवलंबून असते. आनंदी गार्चॉम्प १६९ ने अवघ्या दोन अंकांनी पुढे राहतो. हट्टी गार्चॉम्प अधिक बलवान असूनही मागे पडतो. मात्र पुढे संथ, चिवट प्राणी असतील तर हाच वेग वाया जातो आणि हट्ट उपयोगी पडतो. अंक किती, यापेक्षा तो कोणाला ओलांडतो हे महत्त्वाचे.

अंकांच्या जोडीला तत्त्वांचा विचार येतो. २०१३ पासून या खेळात १८ तत्त्वे आहेत. पाणी अग्नीला मारक, अग्नी वनस्पतीला मारक, असे त्यांचे नाते. प्राणी दोन तत्त्वांचा असेल आणि दोन्ही एकाच माऱ्यापुढे दुबळी असतील, तर तो मारा चौपट बसतो. गार्चॉम्पला हिमाचा मारा असा बसतो. शिवाय प्रत्येकाला चारच डाव शिकविता येतात, एक उपजत खुबी असते आणि एकच वस्तू जवळ बाळगता येते. येथेही मर्यादा आहेच.

आता खारीकडे वळू. ऑगस्ट २०१४ मध्ये अमेरिकेतील वॉशिंग्टन येथे जागतिक स्पर्धा झाली. या स्पर्धेत सहा प्राण्यांच्या संघातून चार निवडून प्रत्येक बाजूचे दोन-दोन एकाच वेळी मैदानात उतरवितात. दक्षिण कोरियाच्या से जून पार्क याच्या संघात गार्चॉम्प, ग्याराडोस, टॅलनफ्लेम, गार्डेव्हॉर, गॉथिटेल असे नावाजलेले प्राणी होते. सहावी होती पचिरिसू. तिला पाहून अनेकांना नवल वाटले. पण पार्कने अजिंक्यपद जिंकले, आणि त्यात या खारीचा वाटा मोठा होता.

हे कसे घडले? पार्कने खारीचा दुबळेपणा झाकण्याचा प्रयत्नच केला नाही. तिला असे डाव दिले, की ज्यांना तो दुबळेपणा बाधत नाही. 'सुपर फँग' हा डाव समोरच्याची उरलेली प्राणशक्ती निम्मी करतो. मारणाऱ्याचे बळ ४५ असो की १३०, परिणाम तोच. 'नझल' हा हलका स्पर्श. पण ज्याला वीज लागते त्याला तो हटकून लुळा करतो, आणि त्या वेळच्या नियमाप्रमाणे त्याचा वेग पाव होत असे. 'फॉलो मी' हा डाव शत्रूचे जोडीदारावर सोडलेले प्रहार स्वतःकडे ओढून घेतो, आणि तो नेहमीच्या डावांच्या आधी चालतो, त्यामुळे वेगाचीही गरज उरत नाही. चौथा 'प्रोटेक्ट' म्हणजे त्या फेरीपुरती ढाल.

आघात नको, वेग नको. मग सारी कमाई कोठे घालावयाची हे उघडच झाले. प्राणशक्ती आणि शारीरिक बचाव यांत प्रत्येकी २५२, उरलेले चार विशेष बचावात, आणि बचाव वाढविणारा 'इम्पिश' म्हणजे खोडकर स्वभाव. त्यामुळे प्राणशक्ती १३५ ऐवजी १६७ झाली आणि बचाव ९० ऐवजी १३४. जवळ दिले सिट्रस नावाचे फळ. प्राणशक्ती निम्म्यावर येताच ते चतुर्थांश परत देते. खुबी अशी, की विजेचा मारा तिला लागत तर नाहीच, उलट चतुर्थांश प्राणशक्ती भरून निघते.

ही खुबी जोडीदाराकडे पाहिले म्हणजे पुरती उमगते. ग्याराडोस हा मूळ रूपात जल आणि उड्डाण या तत्त्वांचा. त्याला विजेचा मारा चौपट बसतो. शेजारी पचिरिसू उभी राहिली की तोच मारा तिच्याकडे वळतो आणि तिचे पोषण करतो. शत्रूचे उत्तम शस्त्र निकामी झाले आणि ग्याराडोसला आपले काम करण्यास उसंत मिळाली. गार्चॉम्प कितीही बलाढ्य असला तरी हे काम त्याच्याच्याने झाले नसते.

पूर्वी असा प्राणी तयार करण्यास अंड्यांमागून अंडी उबवावी लागत. २०१६ च्या 'सन' व 'मून' या खेळांत जन्मजात उणीव भरून काढण्याची सोय झाली, आणि २०१९ च्या 'सोर्ड' व 'शील्ड' मध्ये विशिष्ट पुदिन्याची पाने देऊन स्वभावाचा परिणाम बदलता येऊ लागला. कष्ट कमी झाले, पण ५१० अंकांची मर्यादा त्या खेळांतही कायम राहिली. आणि ते कोठे खर्च करावे, हे कोणतेही पान सांगत नाही.

तात्पर्य, चांगला लढाऊ प्राणी घडविणाऱ्याने आधी त्याचे काम ठरवावे, मग त्या कामाला लागेल तेवढेच बळ त्याच्या पदरी घालावे आणि बाकीच्या मोहाला निश्चयाने नकार द्यावा. ६०० अंकांचा गार्चॉम्प आणि ४०५ अंकांची खार एकाच विजयी संघात बसू शकली, ती या विवेकामुळेच.