चढावर जमा होणारी १५ मिनिटं

पॅरिसमध्ये 'वेलिब' ही सार्वजनिक सायकल सेवा जुलै २००७ मध्ये सुरू झाली आणि तिची एक अडचण लवकरच लक्षात आली. मोंमार्त्र, बेलव्हिल अशा टेकड्यांवरून लोक सायकलने खाली उतरत, पण परतताना मेट्रो पकडत. वीस किलोंहून जड सायकल चढावर दामटायची कोणी? वरची स्थानकं रिकामी पडत आणि खालची इतकी भरत, की आलेल्याला सायकल लावायला खाच मिळत नसे. २००८ मध्ये उंचावरच्या स्थानकांना 'व्ही प्लस' अशी खूण झाली. तिथे सायकल नेऊन लावली, की १५ मिनिटं खात्यात जमा. वेलिबमध्ये पहिला अर्धा तास सभासदाला वेगळे पैसे पडत नसत, त्यामुळे ही मिनिटं पुढच्या लांबच्या फेरीला कामी येत.

सायकल सेवेसाठी बक्षीस कसं असावं, याचं उत्तर मला या योजनेत दिसतं. 'सायकल चालवा, कूपन मिळवा' अशा सवलतीने माणूस एकदा येतो. तो रोज येतो ते सकाळी घाईच्या वेळी सायकल हमखास मिळते म्हणून. तेव्हा बक्षीस द्यायचं ते ही हमी टिकवणाऱ्या फेरीला. न्यूयॉर्कच्या 'सिटी बाइक'ने हेच तत्त्व 'बाइक एंजल्स' या योजनेत आणखी बारकाईने वापरलं. अॅपच्या नकाशावर कुठून सायकल उचलली आणि कुठे लावली तर किती गुण, हे दिसतं. भरलेल्या स्थानकावरून घेऊन रिकाम्यावर ठेवली, तर गुण जास्त. परिस्थिती बदलली की आकडेही बदलतात. गुणांच्या बदल्यात सभासदत्वाची मुदत वाढते. जे काम ट्रकने करायचं, त्यातलं काही कामावर निघालेला माणूस दोन गल्ल्यांचा वळसा घेऊन करून टाकतो.

यात लबाडीला वाव आहे, हा आक्षेप खरा आहे. जवळच्या दोन स्थानकांत सायकली इकडून तिकडे हलवून काही जण चांगली कमाई करत असल्याचं २०२४ मध्ये न्यूयॉर्कच्या वृत्तपत्रांत आलं. पण त्यात दोष गुण मोजण्याच्या पद्धतीचा आहे. त्याच दोन स्थानकांमधल्या उलटसुलट फेऱ्यांना गुण नाकारणं अवघड नाही. दुसरा आक्षेप मला जास्त गंभीर वाटतो: पगारी कामगारांचं काम फुकटात उरकलं जातं. म्हणूनच ही योजना ट्रकला जोड म्हणून असावी. दुरुस्ती आणि रात्रीची मोठी वाहतूक पगारी हातांनीच व्हायला हवी.

बक्षिसाची ताकद मात्र मर्यादित असते. मेलबर्नमध्ये २०१० साली सेवा सुरू झाली, पण तिथे हेल्मेटसक्ती होती. स्वस्तात हेल्मेट विकली, सायकलींवर मोफत ठेवली, तरी प्रतिसाद बेताचाच राहिला आणि २०१९ मध्ये ती बंद पडली. पुण्यातही २०१७-१८ च्या सुमारास भाड्याच्या सायकली गाजावाजाने रस्त्यावर आल्या, नाममात्र दरात मिळाल्या आणि मोडतोड होऊन दिसेनाशा झाल्या. सलग, सुरक्षित सायकल मार्ग तेव्हा नव्हते. पुन्हा अशी योजना आणताना महापालिकेने पहिला पैसा मार्गांवर आणि जवळजवळच्या स्थानकांवर घालावा. सवलतींची तरतूद त्यानंतर करावी, आणि तीही सायकल जिथे कमी पडते तिथे ती पोचवणाऱ्यासाठी.