केमोनंतरचं ‘ठीक आहे’ सिस्टर कसं तपासतात?

कसारा मार्गावर कल्याणच्या पुढचं चौथं स्टेशन खडवली. इथल्या रुग्णाची केमो परळच्या टाटा मेमोरियलमध्ये असेल, तर लोकलने दादर गाठायचं आणि तिथून पुढे जायचं. डे केअरमध्ये औषध चढतं आणि रुग्ण बहुधा त्याच संध्याकाळी घरी परततो. त्रास सुरू होतो तो घरी, दोन-चार दिवसांनी. पुढच्या सायकलला आल्यावर मात्र उत्तर ठरलेलं असतं: “ठीक आहे, सिस्टर.” त्या ‘ठीक’मध्ये काय काय दडलंय, हे शोधणं परिचारिकेचं काम.

आधी मोजमाप

वजन, ताप, नाडी, रक्तदाब आणि ऑक्सिजन आधी पाहिला जातो. बऱ्याच औषधांचा डोस उंची आणि वजनावरून ठरतो, त्यामुळे वजन घटलं तर ते डॉक्टरांच्या कानावर घालावंच लागतं. रक्ताचे काउंट कमी असतील तर केमो पुढे ढकलली जाऊ शकते.

शून्य ते दहा

“दुखणं शून्य ते दहामध्ये किती?” हा प्रश्न पुष्कळांना विचित्र वाटतो. शून्य म्हणजे काहीच नाही, दहा म्हणजे सहन होण्यापलीकडचं. १९९१ मध्ये कॅनडातल्या एडमंटन शहरात अशी एक प्रश्नावली तयार झाली. दुखणं, थकवा, मळमळ, भूक, धाप, झोपाळूपणा, उदासी, काळजी अशा तक्रारी तिच्यात रुग्ण स्वतः आकड्यात सांगतो. मागच्या वेळी थकवा तीन होता आणि आज सात आहे, एवढं कळलं तरी सिस्टरला पुढे काय विचारायचं ते उमगतं.

उलटी, जुलाब, तोंड

इथे ‘थोडंसं’ चालत नाही. उलटी किती वेळा झाली? पाणी पोटात टिकतं का? लघवी कमी किंवा गडद होते का? यावरून अंगातलं पाणी किती कमी झालंय याचा अंदाज येतो. जुलाबांची तुलना रोजच्या सवयीशी करतात. नेहमीपेक्षा चारपेक्षा कमी वेळा जास्त झाले तर सौम्य, चार ते सहा वेळा जास्त झाले तर मध्यम, सात किंवा अधिक वेळा जास्त झाले तर गंभीर. तोंडात टॉर्च मारून फोड आणि पांढरे चट्टे पाहतात. भाकरी गिळता येते की फक्त पेज जाते, हेही विचारतात.

मुंग्या आणि बधिरपणा

पॅक्लिटॅक्सेल, ऑक्सॅलिप्लॅटिनसारख्या औषधांनी नसांना इजा होऊ शकते. “मुंग्या येतात का?” याला “हो, थोड्या” असं उत्तर आलं की अनुभवी सिस्टर पुढे विचारते: ब्लाउजचे हूक लावता येतात का? सुईत दोरा ओवता येतो का? चप्पल पायातून निसटली तर कळतं का? रोजचं काम अडू लागलं असेल तर डोस कमी करायचा किंवा औषध बदलायचं, हे डॉक्टर ठरवतात. ऑक्सॅलिप्लॅटिन घेणाऱ्यांना थंड पाणी प्यायल्यावर किंवा गार वस्तूला हात लागल्यावर घशात, बोटांत झिणझिण्या येतात. म्हणून तेही विचारलं जातं.

औषध चालू असताना

काही औषधं शिरेबाहेर गेली तर आजूबाजूच्या मांसाला इजा करतात. डॉक्सोरुबिसिन त्यातलंच. म्हणून सिस्टर सुईची जागा पुन्हा पुन्हा पाहते. तिथे जळजळलं किंवा सूज आली, अंगाला खाज सुटली, छाती आवळल्यासारखी वाटली, तर बाटली संपायची वाट न पाहता लगेच सांगावं.

ताप म्हणजे तातडी

अनेक केमो पद्धतींत औषध दिल्यानंतर साधारण ७ ते १४ दिवसांच्या दरम्यान पांढऱ्या पेशी सर्वांत कमी होतात. त्या काळात ताप हेच जंतुसंसर्गाचं एकमेव लक्षण असू शकतं. १००.४ फॅरनहाइट किंवा त्याहून जास्त ताप, थंडी वाजून हुडहुडी, धाप, रक्तस्राव, गुंगी यांपैकी काहीही दिसलं तर पहाटेच्या पहिल्या लोकलची वाट पाहू नये. उपचार घेत असलेल्या रुग्णालयाला फोन करावा आणि केमोची फाइल घेऊन जवळच्या तातडीच्या सेवेच्या रुग्णालयात जावं. फोनवर विचारल्याशिवाय पॅरासिटामॉल घेऊ नये. त्याने ताप उतरलेला दिसतो, संसर्ग मात्र वाढत राहतो.

घरची वही

न्यूयॉर्कच्या मेमोरियल स्लोन केटरिंग केंद्रातल्या ७६६ रुग्णांच्या अभ्यासाचे निष्कर्ष २०१७ मध्ये प्रसिद्ध झाले. ज्यांनी केमोच्या काळात लक्षणं संगणकावर नियमित नोंदवली आणि त्रास वाढताच ज्यांची सूचना परिचारिकांपर्यंत गेली, त्यांचं मध्यक आयुर्मान ३१.२ महिने होतं. नेहमीच्या पद्धतीने उपचार घेणाऱ्यांचं २६ महिने होतं.

आपल्याकडे शाळकरी वहीही पुरते. तारीख, ताप, उलट्या, जुलाब, जेवण, झोप आणि शून्य ते दहात दुखणं, एवढं रोज लिहा. हे काम घरातल्या एकाने अंगावर घ्यावं. पुढच्या सायकलला ती वही फाइलसोबत न्या, आणि सिस्टरने विचारलं की ‘ठीक आहे’ म्हणण्याआधी वही उघडा.