मालिकांचे पारायण आणि पहारा

आमच्या पोलादपूर तालुक्यातील वाड्यावस्त्यांवर ‘पारायण’ हा शब्द कोणाला समजावून सांगावा लागत नाही. हरिनाम सप्ताहात सात दिवस ज्ञानेश्वरीचे वाचन चालते आणि काल्याच्या कीर्तनाने समाप्ती होते. २०२० साली टाळेबंदीच्या दिवसांत मात्र घरोघरी एक निराळेच पारायण घडले. ते होते दूरदर्शनवरील मालिकांचे. त्याचाच थोडा विचार येथे करावयाचा आहे.

टाळेबंदी सुरू झाली २५ मार्च रोजी. तो दिवस गुढीपाडव्याचा. सणासाठी मुंबईहून आलेले काका, काकू व त्यांचे दोन मुलगे आमच्याकडेच अडकले. मी तेव्हा नववीत होतो. दुसऱ्या सत्राची परीक्षा रद्द झाली. घरात माणसे नऊ आणि टीव्ही एक! २८ मार्चपासून दूरदर्शनने ‘रामायण’ सकाळी नऊ व रात्री नऊ वाजता पुन्हा दाखवावयास आरंभ केला. ‘महाभारत’ही त्याच दिवशी डीडी भारतीवर सुरू झाले. १६ एप्रिलला ७ कोटी ७० लाख लोकांनी ‘रामायण’ पाहिले, असे दूरदर्शनने जाहीर केले. त्यांत आमच्या घरचे सात जण होते. उरलेल्या दोघी कोठे होत्या, ते पुढे सांगतो.

आजोबांनी ही मालिका पूर्वी पाहिली होती. जानेवारी १९८७ ते जुलै १९८८ या काळात ती दर रविवारी सकाळी लागे. आजोबा तेव्हा लालबागच्या चाळीत राहत. शेजाऱ्याच्या खोलीत दाटीवाटीने बसून एक भाग पाहावयाचा आणि आठवडाभर नळावर, जिन्यात त्याचीच चर्चा करावयाची, असा क्रम होता. ७८ भागांना तेव्हा दीड वर्ष लागले. २०२० मध्ये तेच भाग सुमारे तीन आठवड्यांत, १८ एप्रिलला संपले.

हे सलग पाहणे माणसाला इतके का धरून ठेवते? कारण सोपे आहे. मालिकेचा भाग नेमका पेचाच्या क्षणी तोडलेला असतो. प्रेक्षकाने आठवडाभर ओढ धरावी, म्हणून ही युक्ती. सलग पाहताना पेच तसाच राहतो. वाट पाहणे तेवढे नाहीसे होते. नेटफ्लिक्सने १ फेब्रुवारी २०१३ रोजी ‘हाऊस ऑफ कार्ड्स’ या मालिकेचे तेराही भाग एकदम खुले केले, तेव्हापासून ही रीत जगभर रुजली. माझे चुलतभाऊ मोबाईलवर अशाच मालिका पाहत. एक भाग संपला की दुसरा आपोआप सुरू होई. पूर्वी टीव्ही लावण्यासाठी उठावे लागे. आता थांबण्यासाठी मनाचा निश्चय करावा लागतो.

आता त्या दोघींविषयी. नऊ माणसांचा चहा, न्याहारी, दोन वेळची जेवणे आणि भांडी यांत आई व काकूंचा दिवस जाई. त्या दारात उभ्या राहून दोन क्षण पाहत आणि आत वळत. आम्ही मात्र “आई, पाणी!” म्हणून बसल्या जागेवरून हाक मारीत असू. त्याचे मला तेव्हा काहीच वाटले नाही, हे कबूल केले पाहिजे.

३ जून रोजी ‘निसर्ग’ चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आले. आमची वीज गेली ती बरेच दिवस आलीच नाही. संध्याकाळी लवकर जेवून सारे जण ओटीवर बसू लागले. आजोबा गोष्टी सांगत. एके रात्री आई म्हणाली, “मला सगळी माणसं आवाजावरून ओळखू येतात, तोंडं मात्र फार थोड्यांची बघितली.” कोणी काही बोलले नाही. थोड्या वेळाने आजोबा बाबांना म्हणाले, “सप्ताहात वीणा खाली ठेवायची नसते, म्हणून पहारा बदलतो. एकालाच सात दिवस उभं करत नाहीत.”

मित्रहो, सप्ताह आणि आपले घरगुती पारायण यांतील भेद हाच होता. सप्ताहात पहारा वाटलेला असतो, पंगतीचे काम वाटलेले असते, आणि समाप्तीही ठरलेली असते. आमच्या घरी यांपैकी काहीच नव्हते. वीज आल्यावर आम्ही पाळ्या लावल्या. भांडी मी व चुलतभाऊ, रात्रीच्या भाकऱ्या काका व बाबा! त्या भाकऱ्यांचे आकार सांगण्यासारखे नाहीत. लावणीच्या गडबडीत पाळ्या पुष्कळशा विस्कटल्या. पण भांड्यांची माझी पाळी आजही चालू आहे.

महाडला खोली घेऊन राहणारे आम्ही विद्यार्थी आजही रात्ररात्र मालिका पाहतो. पाहू नये, असे मी म्हणणार नाही. आजोबा, बाबा आणि मी तिघे एका ठिकाणी इतके दिवस बसलो, ते त्या मालिकांमुळेच. एवढेच वाटते की, घरी सुट्टीत पारायण मांडण्यापूर्वी पहारा कोणाचा, हे आधी ठरवावे.