पडद्यावरचा अनुस्वार कुठे जातो? केबल आणि पॅनेल यांची गोष्ट

आज आपण मॉनिटरबद्दल बोलणार आहोत, पण खरेदीच्या सल्ल्यासाठी नाही. प्रश्न साधा आहे: पडद्यावरचं अक्षर पुसट दिसलं, तर दोष कोणाचा? संगणकाचा, केबलचा, की मॉनिटरचा?

हा प्रश्न धानोऱ्यात विचारायला कारण आहे. आपल्याच नंदुरबार जिल्ह्यात, टेंभलीला, २९ सप्टेंबर २०१० रोजी देशातल्या पहिल्या आधार क्रमांकांचं वाटप झालं. आधार नोंदणीच्या वेळी एक जादा पडदा आपल्याकडे तोंड करून ठेवलेला असतो. का? तर आपलं नाव, जन्मतारीख, पत्ता आपणच वाचून 'बरोबर आहे' म्हणावं म्हणून. आता त्या पडद्यावर 'वंदना'चं 'वदना' दिसलं, किंवा ३ आणि ८ मधला फरकच कळला नाही, तर आपण 'हो' कशाच्या जोरावर म्हणायचं? पुढे बँकेत, रेशनला नाव जुळत नाही म्हणून हेलपाटे कोण घालणार?

आपली लिपी या बाबतीत नाजूक आहे. १२ पॉइंटचं अक्षर नेहमीच्या मांडणीत साधारण १६ ठिपक्यांच्या उंचीत बसतं. त्यातच शिरोरेषा, वरची मात्रा, खालचा उकार. मग अनुस्वाराच्या वाट्याला ठिपके येतात एक किंवा दोन. 'धानोऱ्यात' हा शब्दच घ्या. त्यातला अर्धा र म्हणजे एक बारीकशी वेलांटी. चित्र जरा फिसकटलं की पहिला बळी तिचाच.

आता चित्राचा प्रवास बघू. संगणक चित्र तयार करतो, केबल ते वाहून नेते, पॅनेल ते दाखवतं. तिन्ही ठिकाणी वेगळं काहीतरी बिघडू शकतं.

आधी केबल. निळ्या टोकाची, पंधरा पिनांची व्हीजीए तुम्ही पाहिली असेल. ती १९८७ची, काचेच्या नळीच्या मॉनिटरच्या काळातली. तिच्यात लाल, हिरवा आणि निळा रंग शून्य ते ०.७ व्होल्टच्या चढउतारानं जातात. सपाट मॉनिटरला तो चढउतार पुन्हा मोजून ठिपके करावे लागतात. मोजण्याची वेळ किंचित चुकली की शेजारशेजारचे ठिपके एकमेकांत मिसळतात. केबल लांब किंवा हलकी असेल तर अक्षराच्या उजवीकडे सावली दिसते. अशा वेळी मॉनिटरवरचं 'ऑटो ॲडजस्ट' दाबून बघा. पुष्कळदा तेवढ्यानं काम होतं.

एचडीएमआय किंवा डिस्प्ले पोर्टमधून मात्र आकडे जातात. म्हणून सोनेरी टोकाची महाग केबल घेतली की रंग खुलतात, हे खरं नाही. डिजिटल केबल कमी पडली तर चित्र हळूहळू पुसट होत नाही. त्यात चमचमणारे ठिपके येतात किंवा पडदा मधेच काळा पडतो.

पण केबलच्या जोडणीला वहनाची मर्यादा असते. १९२० × १०८० चं चित्र सेकंदाला ६० वेळा पाठवायचं तर सुमारे ३ गिगाबिट लागतात. फोर-केला त्याच्या चौपट, म्हणजे १२. जुन्या एचडीएमआय १.४ मध्ये तेवढं मावत नाही. मग एकतर सेकंदाला ३० चित्रांवर भागवायचं, नाहीतर रंगाची माहिती कमी करायची. रंग कमी केला की पांढऱ्यावरचं काळं अक्षर ठीक दिसतं, पण काळ्यावरचं लाल अक्षर फिसकटतं. शाळेत टीव्हीला लॅपटॉप जोडता तेव्हा आणखी एक गंमत होते: टीव्ही चित्राच्या कडा कापून उरलेलं ताणतो. टीव्हीच्या मेनूत 'स्क्रीन फिट' किंवा 'पीसी' असा पर्याय शोधा.

आता पॅनेल. १३६६ × ७६८ च्या पॅनेलवर जवळपास साडेदहा लाख ठिपके असतात. त्याला वीस लाखांचं चित्र दिलं तर ते दाबून बसवणारच. उलट, मोठ्या पॅनेलला लहान चित्र दिलं तर ताणणार. म्हणून सेटिंगमध्ये पॅनेलचं स्वतःचं रिझोल्यूशनच ठेवा. रंगाचंही तसंच. सहा बिटांचं पॅनेल प्रत्येक रंगाच्या ६४ छटा दाखवतं, आठ बिटांचं २५६. स्वस्त पॅनेलवर संध्याकाळच्या आकाशात पट्टे दिसतात ते यामुळे. तिथे केबल बदलून काय उपयोग? घागर जेवढी, तेवढंच पाणी.

आणि आडातच नसेल तर पोहऱ्यात कुठून येणार? व्हीजीएतून आलेल्या चित्राला पुढे एचडीएमआयचा कन्व्हर्टर लावला, तरी गेलेली धार परत येत नाही.

मग दोष ओळखायचा कसा? दोन सोप्या परीक्षा सांगतो. पहिली: मॉनिटरचं बटण दाबून त्याचा स्वतःचा मेनू उघडा. तो मेनू मॉनिटरच्या आतच तयार होतो, केबलमधून येत नाही. मेनू स्वच्छ आणि बाकीचं पुसट, तर पॅनेल निर्दोष. केबल आणि रिझोल्यूशन तपासा. मेनूही पुसट किंवा पिवळट, तर पॅनेल किंवा त्याचं सेटिंग. दुसरी: स्क्रीनशॉट घेऊन मोबाइलवर बघा. तिथेही अक्षर तुटलेलं असेल तर गडबड संगणकात, बहुतेक फॉन्टमध्ये. या दोन परीक्षांना पैसा लागत नाही, मिनिटं लागतात दोन.

शेवटचं. नोंदणीच्या पडद्यावर आपलं नाव नीट वाचता येत नसेल तर संकोच करू नका. 'अक्षर मोठं करून दाखवा' म्हणा, मोठ्यानं वाचून घ्या, आणि पावती हातात आली की त्यावरचा प्रत्येक अनुस्वार तपासा. पडदा जुना असू शकतो, केबल खराब असू शकते. पण नोंद मात्र आपल्या 'हो'वर पक्की होते.

आता प्रश्न विचारा.