वाचलेल्या वेळेचा हिशेब : हिमायतनगरची पंचवीस वर्षे

हिमायतनगर तालुका झाला १९९९ मध्ये. त्याआधी तहसीलच्या कामासाठी हदगाव गाठावे लागे. जुनी माणसे अजूनही गावाला वाढोणा म्हणतात आणि परमेश्वराच्या यात्रेवरून वर्ष मोजतात. या माणसांना तालुक्याने पहिले काय दिले असेल, तर एसटीचे भाडे आणि एक रोज वाचवून दिला. त्यानंतर गावात आलेल्या प्रत्येक सोयीने असाच वेळ वाचवण्याचा शब्द दिला. फोन, संगणक, सेवा केंद्र, मोबाइल, ॲप. पंचवीस वर्षांनंतर त्या शब्दाचे काय झाले, हे मला तपासायचे आहे. यंत्र चांगले की वाईट, हा वाद मला अपुरा वाटतो. वाचलेला वेळ कुणाच्या पदरात पडला आणि त्यासाठी कुणाचा वेळ खर्ची पडला, हा खरा प्रश्न आहे.

सुरुवात एसटीडी बूथपासून करतो, कारण त्या दिवसांबद्दल हळहळणारे लेख फार लिहिले जातात. रात्री उशिरा दर उतरायचे, म्हणून लोक झोप मोडून बूथवर थांबत. समोर मीटरचे आकडे पळत असत, म्हणून बोलणेही मोजके असे. पुण्याला शिकणाऱ्या मुलाचा फोन शेजारच्या दुकानात यायचा आणि दुकानदार पोरगे धाडून बोलावून घ्यायचा. यात जिव्हाळा होता, हे खरे. पण सासरी नांदणाऱ्या मुलीने दुकानदारासमोर उभे राहून आईला काय सांगायचे? "बरं आहे, सगळं बरं आहे," एवढेच ती सांगू शके. तिच्या हातात स्वतःचा मोबाइल आला तेव्हा तिला पहिल्यांदा आडोसा मिळाला. मोबाइलने माणसे दुरावली असे सरसकट म्हणणाऱ्यांनी या मुलीचा विचार करावा.

संगणक आमच्याकडे आधी क्लासमध्ये आला आणि मग कार्यालयात. २००१ मध्ये महाराष्ट्र नॉलेज कॉर्पोरेशन स्थापन झाले आणि पाठोपाठ तालुक्या-तालुक्यात एमएस-सीआयटी या संगणक अभ्यासक्रमाच्या पाट्या लागल्या. चपला बाहेर काढून मुले संगणकाच्या खोलीत शिरत आणि झाकलेला कपडा जपून बाजूला करत. सरकारी नोकरीच्या जाहिरातीत ते प्रमाणपत्र मागितले जाऊ लागल्यावर शेतकऱ्याच्या घरातही त्याच्या फीची तजवीज होऊ लागली. त्या वर्गांतून निघालेली काही मुले पुढे पुण्याला गेली. काहींनी गावातच झेरॉक्सचे दुकान आणि सेवा केंद्र टाकले. आजच्या तालुक्याचा निम्मा कारभार या दुसऱ्या गटाच्या टेबलावरून होतो, आणि त्यांच्या श्रमाची दखल कुणी घेत नाही.

डिजिटल सात-बारा ही या काळातली सर्वांत मोठी सुधारणा, असे माझे ठाम मत आहे. हस्तलिखित सात-बाऱ्यासाठी तलाठी सापडणे हेच एक काम होते. एका सज्जात अनेक गावे, आज तो कुठल्या गावी आहे हे विचारत फिरायचे, आणि भेटलाच तर दप्तर दुसरीकडे. १ मे २०१८ पासून डिजिटल सहीचा सात-बारा मिळू लागला. १५ रुपये भरले की उतारा हातात. कुणाची मनधरणी नाही, चहापाणी नाही. शेतकऱ्याचे हेलपाटे वाचले, तलाठ्याचे लिखाण वाचले, आणि यासाठी तिसऱ्या कुणावर भार पडला नाही. चांगल्या तंत्रज्ञानाची माझी व्याख्या याच उदाहरणावरून तयार झाली.

त्याच सात-बाऱ्याच्या पोटातली पीकपाहणी मात्र दुसऱ्या वाटेने गेली. शेतात काय उभे आहे ते पाहून गाव नमुना बारामध्ये लिहिणे हे तलाठ्याचे काम होते. अनेकदा ते बांधावर न जाताच लिहिले जाई, ही तक्रार जुनी आणि रास्त होती. १५ ऑगस्ट २०२१ पासून ई-पीक पाहणी सुरू झाली आणि शेतकऱ्याने स्वतः शेतात उभे राहून पिकाचा फोटो काढून नोंद करायची, असे ठरले. आपल्या पिकाची नोंद आपल्या हाताने होते, हा अधिकार मोलाचा आहे. पण ज्या कामाचा पगार कुणाला तरी मिळत होता, ते काम आता शेतकरी बिनपगारी करतो, आणि त्यासाठी लागणारा फोन, रिचार्ज, रेंज हेही त्याचेच. तरुण मुलगा शिकायला बाहेर असेल, तर साठीतल्या बापाने कुणाला तरी विनवून बांधावर न्यायचे. पुढे राहिलेल्या नोंदींसाठी सरकारला गावपातळीवर सहायक नेमावे लागले. हे आधीच सुचायला हवे होते.

पीकविम्याने हा प्रश्न आणखी टोकदार केला. नुकसान झाल्यापासून ७२ तासांत कळवायचे, असा नियम होता. पैनगंगेला पूर येतो तेव्हा वीज जाते, टॉवर बंद पडतो, रस्ता तुटतो. घड्याळ तेवढे चालू राहते. सोयाबीन पाण्याखाली असताना माणसाने गुरे सोडवायची की नेटवर्क शोधत हिंडायचे? नियम करणाऱ्याच्या डोळ्यांसमोर पूर नव्हता, फक्त अर्ज होता.

गावातल्या सर्वांत कमी मानधनाच्या बाईवर सर्वांत जास्त ॲपचा भार पडला, याचे मला फार वाईट वाटते. २०२१ मध्ये अंगणवाड्यांसाठी पोषण ट्रॅकर हे ॲप आले. अंगणवाडी सेविका आधी रजिस्टरे लिहीत होत्या. आता ॲपही भरायचे, आणि कितीतरी ठिकाणी रजिस्टरेही सुटली नाहीत. तेव्हा ॲपची भाषा इंग्रजी होती आणि दिलेले फोन तकलादू होते. त्याच वर्षी महाराष्ट्रभरातल्या सेविकांनी सरकारी मोबाइल परत करण्याचे आंदोलन केले. त्याला कुणी तंत्रज्ञानाचा विरोध म्हटले असेल, तर ते चूक होते. त्या बायका मराठीत चालणारे, न अडकणारे साधन मागत होत्या. पुढे २०२४ मध्ये लाडकी बहीण योजनेचे अर्ज आले, तेव्हा याच सेविका फोनवर गावातल्या बायांचे अर्ज भरताना दिसल्या. रोजगार हमीच्या कामावरही १ जानेवारी २०२३ पासून दिवसातून दोनदा मजुरांचा फोटो ॲपवर चढवणे बंधनकारक झाले. ज्या राज्याने रोजगार हमीची कल्पना देशाला दिली, त्या राज्यातल्या मजुराची हजेरी त्याने केलेल्या खोदाईबरोबर मोबाइलच्या रेंजवरही अवलंबून राहू लागली.

याच्या शेजारी यूपीआय ठेवून पाहा. २०१६ च्या नोटाबंदीत लोक बँकेपुढे दिवस-दिवस उभे होते, आणि त्याच वर्षी सुरू झालेली ही सोय दोन-चार वर्षांत चहाच्या टपरीपर्यंत पोहोचली. कुणी सक्ती केली नाही, मुदत दिली नाही. दुकानदाराला व्यवहारामागे काही द्यावे लागत नव्हते, कुठल्याही बँकेचे खाते चालत होते, आणि पैसे आल्याचे डबा मराठीत बोलून सांगत होता. अक्षर न वाचणारी भाजीवाली मावशीही तो आवाज ऐकून निश्चिंत होते. माणसाला खरोखर उपयोगी पडणारी वस्तू तो स्वतःहून उचलतो. ज्या गोष्टीसाठी वारंवार 'अंतिम मुदत' जाहीर करावी लागते, तिच्यात काही तरी चुकले आहे, असे मी समजतो.

कार्यालयांची रीतही या काळात बदलली. पूर्वी "साहेब मीटिंगला गेलेत, उद्या या मामा," असे उत्तर मिळे, आता "सर्वर डाऊन आहे, उद्या या मामा." उद्या तोच राहिला. फरक एवढाच की साहेबाला जाब विचारता येत असे, सर्वरला विचारता येत नाही. पण याच टेबलामागच्या माणसाचीही बाजू आहे. २९ फेब्रुवारी २०२० पासून राज्य सरकारी कार्यालयांना पाच दिवसांचा आठवडा मिळाला आणि रोजची वेळ वाढून पावणेदहा ते सव्वासहा झाली. विश्रांतीचा हा हक्क मला मान्य आहे. पण कामाच्या व्हॉट्सॲप गटाने तो लगेच पोखरला. रात्री दहाला 'तातडीने माहिती सादर करा' असा निरोप येतो आणि शिक्षक, ग्रामसेवक, कृषी सहायक जेवणाचे ताट बाजूला सारून आकडे जुळवत बसतात. फ्रान्सने २०१७ पासून मोठ्या कंपन्यांतल्या कामगारांना कामाच्या वेळेबाहेर संपर्कापासून मोकळे राहण्याचा हक्क दिला. आपल्याकडे खासदार सुप्रिया सुळे यांनी २०१८ मध्ये अशाच हक्काचे खासगी विधेयक लोकसभेत मांडले. असा कायदा झाला, तर तो पुण्याजवळच्या हिंजवडीतल्या आयटी कंपन्यांइतकाच हिमायतनगरलाही लागू व्हायला हवा.

आमच्या गावाने हिंजवडी जवळून पाहिली ती २०२० मध्ये. टाळेबंदीत पुण्याहून मुले लॅपटॉप घेऊन परतली. रेंजसाठी गच्चीवर खुर्ची टाकून बसली. बाप दिवस मावळला की शेतातून परत येई, आणि मुलाचे काम तेव्हा अमेरिकेच्या सकाळीबरोबर सुरू होई. एसीत बसून पगार मिळतो, एवढेच माहीत असलेल्या आईबापांना त्या वर्षी कळले की या कामाला मावळतीच नाही. २०२३ मध्ये इन्फोसिसचे सहसंस्थापक नारायण मूर्ती यांनी तरुणांनी आठवड्याला ७० तास काम करावे असे सुचवले, तेव्हा मला ही गच्चीवरची मुले डोळ्यांसमोर आली. संगणकाने दहा माणसांचे काम एका माणसावर आणले. मग त्या एकाने आणखी तास का द्यावेत? यंत्राने वाचवलेला वेळ त्याच्या झोपेत, व्यायामात, आईबापांशी बोलण्यात दिसायला हवा होता.

घरातल्या सवयींबद्दलही मी तेवढाच आग्रही आहे. माझ्याकडे जेवताना फोन दुसऱ्या खोलीत असतो. सकाळचा पेपर वाचून झाल्याशिवाय मी पडद्याकडे बघत नाही. महत्त्वाचे चार नंबर वहीत लिहिलेले आहेत आणि मुलांना पाठ आहेत. घरातल्या बाईचा आधार तिच्या स्वतःच्या नंबरला जोडलेला असावा, हेही मी भेटेल त्याला सांगतो. ओटीपी नवऱ्याच्या किंवा मुलाच्या फोनवर येत असेल, तर खाते तिच्या नावावर असून तिच्या हातात नसते. २०१६ नंतर डेटा स्वस्त झाला आणि गावची संध्याकाळ रील पाहण्यात जाऊ लागली. त्यावर मुलांना रागावून उपयोग नाही. ज्या घरात मोठी माणसे फोन खाली ठेवतात, तिथे मुलेही ठेवतात, एवढे मी पाहिले आहे.

राज्यात २०१५ पासून लोकसेवा हक्क कायदा आहे. ठरलेल्या मुदतीत सेवा दिली नाही, तर अधिकाऱ्याला दंड करण्याची तरतूद त्यात आहे. त्याच कायद्यात आता दोन गोष्टी याव्यात असे मला वाटते. सर्वर बंद असलेला किंवा पुरामुळे संपर्क तुटलेला दिवस नागरिकाच्या मुदतीत धरला जाऊ नये. आणि प्रत्येक ऑनलाइन कामासाठी तालुक्याच्या ठिकाणी एक पगारी माणूस असावा, जो फोन नसलेल्याचे काम हाताने करून देईल. यंत्रावर अंगठा न उमटणारी म्हातारी, रेंज नसलेला शेतकरी, ॲपवर हजेरी लावणारी ताई, या सगळ्यांचा दिवस साहेबांच्या दिवसाइतकाच चोवीस तासांचा आहे. पुढचे प्रत्येक ॲप मंजूर करताना त्यांच्या रोजाची किंमत आधी धरली पाहिजे, आणि ती सरकारने भरली पाहिजे.